मोरसला गेलेल्यांच्या नोंदी



माझी आजी वाण्याकडून आणावयाच्या जिनसा सांगू लागली म्हणजे ‘साखर’ हा शब्द तिच्या तोंडी क्वचितच येई. ती ‘मोरस’ म्हणे. अर्धा शेर मोरस, पावशेर चहा, याप्रमाणे. मोरस म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरातील त्या बेटावरून एकोणिसाव्या शतकात जी पांढरीशुभ्र साखर मुंबई बंदरी उतरे, तिला लोकांनी बेटाचेच नाव देऊन टाकले. पुढे १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखर वर्ज्य ठरली, नंतर आपल्याकडे कारखाने निघाले, आणि मोरस येईनाशी झाली; पण आजीच्या यादीत तिचे नाव शेवटपर्यंत राहिले. ती साखर ज्या उसापासून होई, तो ऊस कोणाच्या हातांनी लावला व तोडला, हे तिला ठाऊक नव्हते. मलाही पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांतले काही हात आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले होते.

मॉरिशस इंग्रजांनी १८१० साली फ्रेंचांपासून जिंकून घेतले. राज्य बदलले, तरी मळे, भाषा आणि व्यवहार पुष्कळसे फ्रेंचच राहिले. आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर ते मळे चालत. १८३५ च्या फेब्रुवारीत तेथील गुलामगिरी कायद्याने रद्द व्हावयाची होती. मळेवाल्यांनी हे ओळखून हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून आलेले ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले, आणि एका मोठ्या स्थलांतरास आरंभ झाला. पाच वर्षांचा करार, दरमहा पाच रुपये वेतन. करारास इंग्रजीत ॲग्रीमेंट म्हणतात; मजुरांच्या जिभेवर त्याचे ‘गिरमिट’ झाले. जुलूम व फसवणुकीच्या तक्रारी वाढल्यामुळे १८३९ मध्ये ही वाहतूक बंद करण्यात आली, ती १८४२ च्या कायद्याने सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालली. एकंदर सुमारे साडेचार लाख माणसे त्या एवढ्याशा बेटावर गेली. बहुतेक कलकत्त्याहून, बरीच मद्रासहून. मुंबईहून त्यामानाने थोडी, पण ती थोडीही हजारांनी मोजावी लागतात.

मुंबईहून जाणाऱ्यांत रत्नागिरीकडील लोक पुष्कळ होते. याचे नवल वाटावयास नको. भात पिकते तेवढे खाणाऱ्या तोंडांस पुरत नाही, जमीन खोताची, आणि समुद्र दाराशी, अशी तिकडील स्थिती. पुढे १८५४ नंतर मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या आणि कोकणच्या माणसास पोटासाठी इतके दूर जाण्याची गरज उरली नाही. मोरसचा मार्ग आटला तो मुख्यतः परळ-लालबागेमुळे, असा आपला माझा तर्क आहे.

आता या लोकांच्या कागदांकडे येतो, कारण आजचा विषय तोच आहे. करार मोडून मजूर पळून जाऊ नये, आणि पळालाच तर ओळखून धरता यावा, यासाठी प्रत्येकाची नोंद केली जाई. बंदरात उतरताच त्यास एक क्रमांक मिळे. तो क्रमांक जन्मभर त्याचा. दुसऱ्या कोणास तो पुन्हा देत नसत. त्याच्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, गाव, परगणा, जिल्हा, जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठविला ते. पोर्ट लुई येथे ज्या डेपोत हे सर्व चाले, त्याची १८४९ मध्ये उभारलेली वास्तू अंशतः आजही आहे. ‘आप्रवासी घाट’ या नावाने तिची २००६ साली जागतिक वारसास्थळांत गणना झाली. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरांसही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो जवळ नसला म्हणजे माणूस भटक्या ठरे व पकडला जाई. या जाचाविरुद्ध आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने १८७१ मध्ये मजुरांतर्फे अर्ज केला, व त्यावरून पुढच्या वर्षी चौकशीसाठी राजकीय आयोग आला. सांगावयाचे इतकेच की, या वह्या कोणाच्या वंशजांच्या सोयीसाठी लिहिलेल्या नव्हत्या. बैलाच्या पुठ्ठ्यावर डाग द्यावा तशी ती नोंद होती. आज त्याच वह्या नातवंडे-पतवंडे डोळ्यांत पाणी आणून वाचतात.

या वह्या सांप्रत मॉरिशसमधील मोका येथे महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात आहेत. वंशजाने शोधाचा आरंभ तेथून करावयाचा नसतो, तो स्वतःच्या घरापासून करावयाचा असतो. आपला जन्मदाखला, त्यावरून बापाचा, त्यावरून आजाचा, याप्रमाणे एकेक पायरी मागे उतरत गेले असता शेवटी असा एक विवाहाचा किंवा मृत्यूचा दाखला हाती येतो की, ज्यात नावापुढे तो क्रमांक लिहिलेला असतो. क्रमांक सापडला की अर्ज करावा. वहीतील उतारा मिळतो. इतर देशांचे कागद घरबसल्या पाहता येतात. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत १८६० ते १९११ या काळात गेलेल्या दीड लाखांहून अधिक माणसांच्या जहाजवार याद्या इंटरनेटवर आहेत. सुरीनाममध्ये १८७३ पासून गेलेल्या सुमारे चौतीस हजारांची सूची नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने खुली केली आहे. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ उघडले म्हणजे परदेशगमनासंबंधीचा सरकारी पत्रव्यवहार पडद्यावर वाचावयास मिळतो. पूर्वी ज्या कागदासाठी आगगाडीचे भाडे, उपाहारगृहातील मुक्काम आणि कारकुनाची मनधरणी लागे, तो कागद आज नातवाच्या दूरध्वनीवर दिसतो. माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसास ही जादूच वाटते.

परंतु या जादूत एक मोठी खोच आहे. यंत्र अक्षरे जुळवून पाहते. त्याला कान नाही. आणि या नोंदी सर्वस्वी कानावर भरवसा ठेवून लिहिलेल्या आहेत. मजूर बोले मालवणी किंवा भोजपुरी किंवा तेलुगू. लिहिणारा कारकून इंग्रज, फ्रेंच वा बंगाली. त्याने जे ऐकले ते रोमन अक्षरांत उतरविले. आडनाव बहुधा कोणी विचारलेच नाही. पुढे त्या बेटावर जन्मलेल्या मुलांच्या दाखल्यात बापाचे किंवा आजाचे व्यक्तिनाम हेच कुळाचे नाव होऊन बसले. म्हणून तिकडील माणूस आपले आडनाव घेऊन महाराष्ट्रात भाऊबंद शोधू लागला तर त्यास कोणी भेटत नाही. कारण ते आडनाव नसतेच, ते कोणा आजोबाचे पाळण्यातले नाव असते. अशा वेळी त्या नोंदी डोळ्यांनी न वाचता मोठ्याने म्हणून पाहाव्या. मी चौतीस वर्षे पहिली-दुसरीच्या मुलांस वाचावयास शिकविले. अक्षर चुकले तरी आवाज बरोबर असतो, हे त्या धंद्यात पदोपदी कळते.

माझा या विषयाशी संबंध आला तोही याच कामामुळे. माझा एक माजी विद्यार्थी पोर्ट लुईनजीक नोकरीस आहे. त्याच्या ओळखीने तेथील एका वृद्ध मराठी गृहस्थांचे मला पत्र आले. तिकडे शाळांतून मराठी शिकविले जाते, गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते, आणि आपल्या कोकणातील जाखडीचा नाच ‘झाकरी’ या नावाने अद्याप नाचला जातो, हे मला त्या पत्रामुळे प्रथम कळले. पत्र इंग्रजीत होते. शेवटी मात्र देवनागरीत, काळजीपूर्वक गिरविलेल्या अक्षरांत, एकच ओळ होती: ‘माझा गाव शोधून द्या.’ सोबत वहीतील उताऱ्याची प्रत. मुंबईहून १८५० नंतरच्या काही वर्षांत गेलेला पुरुष, वय पंचवीस, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या भुवईवर जुना व्रण. नाव ‘इट्टू’, बापाचे नाव ‘बिकू’. जिल्हा ‘रुत्नाघेरी’. गाव ‘पेंडूर’. परगण्याचा रकाना कोरा.

गृहस्थांनी लिहिले होते की, ‘इट्टू’ असे नाव मराठीत त्यांना कोठेच आढळले नाही. कारकुनाने ते चुकविले असावे. मी तो उतारा मोठ्याने वाचला आणि हसूच आले. कारकुनाने काहीही चुकविलेले नव्हते. ‘विठोबा’स आमच्या मालवणी मुलखात ‘इठोबा’ म्हणतात, विठूस ‘इठू’. तो तरुण धक्क्यावर उभा राहून ‘इठू भिकू’ म्हणाला असेल, आणि परक्या माणसाने, त्या भाषेचे एक अक्षर ठाऊक नसता, पुष्कळसे ते तसेच टिपले. एखाद्या शास्त्रीबोवांनी लिहिले असते तर त्यांनी ‘विठ्ठल’ असे शुद्ध करून ठेवले असते, आणि त्या माणसाचा आवाज कायमचा नाहीसा झाला असता.

गावाविषयी मात्र माझ्याकडून घाई झाली. पेंडूर मालवण तालुक्यात आहे, हे आमच्याकडील शेंबड्या पोरासही ठाऊक. मी लगोलग तसे कळविले. सन १९८१ च्या १ मे रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, म्हणून आजच्या नकाशात तो तालुका तेथे पाहावा, अशी पंतोजीगिरीही वर केली. आठ दिवसांनी वेंगुर्ल्याकडील एका जुन्या स्नेह्यास ही हकीकत मोठ्या अभिमानाने सांगितली, तेव्हा तो म्हणाला, ‘गुरुजी, पेंडूर आमच्या वेंगुर्ल्यातही आहे की!’ खरोखरच आहे, मातोंडच्या शेजारी. परगण्याचा जो रकाना कोरा राहिला, तेवढ्यानेच निर्णय झाला असता. मी दुसरे पत्र लिहिले. परंतु तोवर तिकडे त्यांनी भाऊबंदांस जमवून मालवणचा गाव सापडल्याचे सांगितले होते, आणि देवघरातील भिंतीवर मालवणचा नकाशाही लावला होता. माझ्या शिक्षकी आयुष्यात मी मुलांच्या पुष्कळ चुका खोडल्या. पण स्वतःची चूक खोडताना त्या दिवशी जितका ओशाळलो तितका क्वचितच.

मग दोन्ही गावांतील कागद पाहण्याचे ठरविले. आमच्याकडे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे कागद म्हणजे मोडी. खोतांच्या घरची दप्तरे काही वाळवीने खाल्ली, काही वाटण्यांत विखुरली. जी उरली ती वाचणारा मिळत नाही. अलीकडे २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी सरकारने न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा गावोगावच्या जुन्या रजिस्टरांवरील धूळ झटकली गेली आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांस एकाएकी मान आला. आपल्या पणजोबाची एक ओळ कोठे सापडते का, म्हणून माणसे कचेऱ्यांत रांगा लावून उभी राहिली. त्या वादाविषयी मला येथे बोलावयाचे नाही. पण कुळाचा इतिहास हा केवळ हौसेचा विषय आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांचा समज त्या रांगांनी दूर केला असेल.

मला जे कागद पाहावयास मिळाले, त्यांत इठू नव्हता. असण्याचे कारणही नव्हते. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याचे नाव सारावहीत कसे येणार? आपल्याकडे कुळांची माहिती टिकली ती दोन ठिकाणी: नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत, आणि कित्येक घराण्यांनी छापून काढलेल्या कुलवृत्तांतांत. यात्रेस जाण्याइतका पैसा किंवा छापण्याइतकी विद्या असणारांची ही सोय. इठूच्या घरी यांपैकी काही नव्हते. इठूस एखादा भाऊ असला आणि तो गावीच राहिला असला, तर त्या भावाविषयी आज आपणांस काहीही ठाऊक नाही. तो किती वर्षे जगला, कोणत्या साली मेला, एवढेही नाही. आणि जो गुलामाच्या जागी राबावयास परदेशी गेला, त्याची उंची इंचापर्यंत ठाऊक आहे, भुवईवरील व्रणही ठाऊक आहे. हा विचार त्या कोरड्या उताऱ्यावरून माझ्या मनात आला, तो अद्याप गेलेला नाही.

उताऱ्यातील सगळेच खरे मानावे असे मात्र नाही. वयाचेच पाहा. या याद्यांतून वीस, पंचवीस, तीस अशी गोळाबेरीज वये फार. स्वतःचे वय मजुरास ठाऊक नसे. कारकून त्याच्या तोंडाकडे पाहून आकडा लिही. यात हसण्यासारखे काही नाही. आमच्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, माझाही येतो. कारण बाप मुलास शाळेत घालावयास आणी तेव्हा मास्तर जी तारीख घालील तीच जन्मतारीख, आणि ती अशी की जूनमध्ये प्रवेशास अडचण पडू नये. त्याच तारखेवर पुढे मी सेवानिवृत्त झालो. जातीच्या रकान्याचेही तसेच. मुंबईहून आलेल्या माणसापुढे ‘मराठा’ असे लिहिलेले असले म्हणजे ती त्याची जात, की केवळ त्याचा मुलूख, हे सांगणे कठीण. शिवाय समुद्र ओलांडताना एखाद्याने आपली जात मुद्दामच मागे टाकली असेल. आपण कोण त्याला पुन्हा चिकटविणार?

गृहस्थांनी त्यांच्या बाजूने शोध चालूच ठेवला होता. त्यांची मोठी इच्छा छायाचित्राची होती. १८६७ च्या कायद्यानंतर इठू हयात असता तर परवान्यासाठी त्याचे छायाचित्र निघालेच असते. वर्षभराने त्यांना त्याचा मृत्यूचा दाखला मिळाला. क्रमांक तोच. साल १८६७. त्या वर्षी मॉरिशसमध्ये हिवतापाची भयंकर साथ होती, हजारो माणसे दगावली. इठू त्यांत गेला असावा. छायाचित्र नाही.

दरम्यान त्यांच्या नातवाचे काम झाले. भारत सरकारने २०२४ च्या मार्च महिन्यात मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांस परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड देण्याचे जाहीर केले. त्यासाठी पूर्वज भारतातून आला याचा पुरावा पाहिजे, आणि तो क्रमांकाचा उतारा त्यास पुरतो. कचेरीस पेंडूर कोणते याच्याशी कर्तव्य नाही. नातू त्यावर संतुष्ट आहे. आजोबा नव्हते.

गेल्या मार्गशीर्षात ते स्वतः आले. बरोबर पत्नी व एक कन्या. मी त्यांना दोन्ही गावी नेले. मालवणच्या पेंडूरला वेताळाचे देऊळ, वेंगुर्ल्याच्या पेंडूरला घोडेमुखाचे देवस्थान. त्यांना काही आठवते का, म्हणून मी पुनःपुन्हा विचारले. आठवण एकच होती: ऊस तुटून गेला म्हणजे त्यांची आजी शेताच्या बांधावर एक कोंबडा देई, आणि ‘राखणदाराचा’ एवढेच म्हणे. आमच्याकडे याला राखण देणे म्हणतात. मी मनात म्हटले, आता निकाल लागला! पण दुसऱ्याच क्षणी ध्यानात आले की, मालवण काय आणि वेंगुर्ले काय, राखण न देणारे घर त्या मुलखात शोधूनही सापडणार नाही. त्या आठवणीने कोकण सिद्ध झाले. पेंडूर सिद्ध झाले नाही.

त्यांनी दोन्ही ठिकाणी नारळ ठेवला. दोन्ही ठिकाणची मूठभर माती वेगवेगळ्या पुड्यांत बांधून घेतली आणि माझ्याकडून पुड्यांवर तालुक्यांची नावे लिहवून घेतली. निघताना त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. मॉरिशसमध्ये घराच्या दाराशी पूर्वजाच्या नावाची पाटी बसवावयाची होती, तिच्यासाठी ते नाव देवनागरीत हवे होते. ‘गुरुजी, शुद्ध काय ते लिहा,’ असे ते म्हणाले. मी लेखणी घेतली आणि थोडा वेळ थांबलो. मग ‘इठू भिकू, पेंडूर’ असे लिहून दिले.